भिकाबाईंच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळेना

भिकाबाई राठोड ओट्याच्या तीन पायऱ्या चढून आल्या आणि तेवढ्यानंच त्यांचा दम संपला. रतनसिंग परदेशींनी खुर्ची पुढे सरकवली. संतरामनं पंख्याचं बटण दाबलं, पण वीज नव्हती. दोन हजार सहा सालचा ऑक्टोबर होता आणि हिंगोलीत ऊन चैत्रासारखं पडलं होतं.

रतनसिंग पोलीस खात्यातले निवृत्त जमादार. आता खासगी चौकशा करत, बहुतेक लग्नाच्या. मुलगा पितो का, सांगितलेली शेती सातबाऱ्यावर आहे का, असल्या. संतराम हा सरकारी दवाखान्यातला निवृत्त कंपाउंडर. रतनसिंगांना मागे बसवून जुनी एमएटी मोपेड चालवणं आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घेणं, ही त्याची दोन कामं. दोन्ही तो मनापासून करी.

"जमादारसाहेब, माझा फ्लॅट कोनी घेऊन न्हाई राहिलं," भिकाबाई म्हणाल्या.

संतरामला हसू आलं. "ताई, त्याला दलाल लागतो. जमादार काय करतील?"

"दलाल हाय की. मुन्ना. चैतापासून अकरा गिऱ्हाइकं आनली त्यानं. एक बी पलटून आलं न्हाई. भावाची घासाघीस सुदिक करत न्हाईत. बसतात, बघतात, उठून जातात. कोनीतरी कायतरी करून राहिलं."

"घाई कसली आहे?" रतनसिंगांनी विचारलं.

भिकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. लेक संगिता गोरेगावजवळच्या तांड्यावर अंथरुणाला खिळली होती. मणक्याचं ऑपरेशन नागपूरला व्हायचं होतं. दिवाळीच्या आत झालं नाही तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवरा, प्रेमदास, दोन वर्षांपूर्वी गेला. मागे राहिला तो हा फ्लॅटच.

"पन हे कोनाला सांगू नका. लोकायला सांगितलंय, तांड्यावर राह्याला चालले म्हनून. गरज कळली की लोक भाव पाडतात."

दिवाळीला तीन आठवडे उरले होते. संतरामचं हसू मावळलं.

हिंगोली जिल्हा झाल्यावर ज्या चार-दोन इमारती उठल्या, त्यातलीच एक भिकाबाईंची. तीन मजले, लिफ्ट नाही. तिघं पोचले तेव्हा फाटकाशी राखणदार पेमा खाटेवर पडला होता.

"गिऱ्हाइकं आधी तुलाच भेटत असतील," रतनसिंग म्हणाले. "काय सांगतोस?"

"काय सांगनार मालक? तिसरा मजला, जिना तिकडं. खुशीत चढतात, अन् उतरताना माझ्याकडं बघत बी न्हाईत."

रतनसिंगांनी बोअरच्या नळाखाली तोंड धुतलं आणि ते ओंजळभर पाणी प्यायले. माणूस उन्हानं कासावीस झालाय, असं संतरामला वाटलं.

वर मुन्ना आधीच येऊन थांबला होता. गाल गुटख्यानं फुगलेला. बोलायचं झालं की तो गॅलरीत जाऊन थुंकून यायचा.

"साहेब, मेरा तो दिमाग खराब हो गया," तो म्हणाला. "जिन्यात बोलत येतात, कपाट कुठं ठिवायचं, देव कुठं मांडायचे. आत येऊन टेकले की तोंडाला कुलूप! मग खोल्या दाखवत फिरा, नुसतं हूं-हूं."

"ताई सांगत होत्या, तूच कमी भावात घेतो म्हणाला होतास?" रतनसिंगांनी विचारलं.

"म्हनलो, साहेब. धंदा हाय. पन अकरा येळा हा जिना मीच चढलो की! गुडघे मोडले माझे."

रतनसिंग भिकाबाईंकडे वळले. "ते काय काय विचारतात?"

"लाईटचं, कागदपत्राचं, गाडी कुठं लावायची. शेजार कसा हाय."

"आणखी?"

"बस, इतकंच."

इतक्यात समोरच्या दारातून एक बाई आल्या. नीटनेटक्या, साठीच्या. पद्माबाई, बँकेतल्या कॅशियरची विधवा, मूलबाळ नाही. उंबऱ्यातच थांबून त्यांनी विचारलं, "भिके, घर बघायला आलेत का गं?"

"न्हाई गं. वळखीचे हायेत."

पद्माबाई परत गेल्या आणि स्टीलचा जग नि पेले घेऊन आल्या. "फ्रीजमधलं आहे. हिच्याकडे फ्रीज नाही, म्हणून पाहुण्यांचं पाणी माझ्याकडून."

रतनसिंगांनी पेला एका दमात संपवला. संतरामनं दोन घेतले. मुन्नानं फुगलेल्या गालाकडे बोट दाखवून मान हलवली. भिकाबाईंनीही हात आडवा धरला. "मला न्हाई सोसत. दाताला झोंबतं."

"तुम्हाला काय वाटतं?" रतनसिंगांनी पद्माबाईंना विचारलं.

"घर विकायचंच नसेल देवाच्या मनात," पद्माबाई म्हणाल्या, आणि रिकामे पेले उचलून गेल्या.

जिना उतरताना संतरामनं आपला निकाल देऊन टाकला. "भिंतीवरचा हार घातलेला फोटो! आत बसलं की समोर मेलेला माणूस. लोक दचकतात."

"तुझ्या घरात किती फोटो आहेत हारांचे?"

"चार."

"मग तू रोज दचकतोस का?" रतनसिंग थकून म्हणाले. "चल, वारंगा फाट्याला जाऊ."

अकरातलं एक गिऱ्हाईक, दिपक, फाट्यावर टायरचं दुकान चालवत होता. एमएटीनं तिथवर पोचेस्तोवर दोघांच्याही कमरेचे बारा वाजले. दिपकनं बाकड्यावर जागा केली.

"आधी पानी घ्या. आमच्या हिरीचं हाय, गोड."

पाणी झाल्यावर रतनसिंगांनी फ्लॅटचा विषय काढला. दिपकचा चेहरा अवघडला.

"जागा चांगली होती. पन आमाला न्हाई जमलं."

"काहून?"

"ते नका विचारू साहेब. ज्या घरी पानी पेलो, त्या घराला नाव ठिवायची आमची रीत न्हाई. घरात लहान लेकरं हायेत, इतकंच समजा."

"तिथं चहा घेतला होता का?"

"बाई लई आग्रह करत होत्या. पन नको म्हनलो."

परतताना संतरामनं तीनदा विचारलं, काय कळलं म्हणून. रतनसिंग म्हणाले, "उद्या शालूबाईंना नवी साडी नेसायला सांग. त्यांना फ्लॅट बघायला जायचंय."

दुसऱ्या दिवशी संतरामची बायको शालूबाई मुन्नाबरोबर गिऱ्हाईक म्हणून वर गेली. हे दोघे पाच मिनिटांनी चढले. शालूबाई खुर्चीवर बसली होती, समोर गार पाण्याचा पेला होता. तिनं त्याला हातही लावला नव्हता. तसं तिला सांगितलंच होतं. पद्माबाई जग धरून दाराशी उभ्या होत्या. रतनसिंगांना बघून त्या आपल्या दाराकडे वळायला लागल्या.

"थांबा बाई." रतनसिंगांनी पेला उचलून भिकाबाईंच्या हातात दिला. "ताई, हे तुम्ही प्या."

"मला गार..."

"एकच घोट. माझ्यासाठी."

भिकाबाईंनी घोट घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं. "आगं आई! हे तर खारं हाय."

रतनसिंग भिंतीलगतच्या खाटेवर टेकले. त्यांना या विजयाचा काडीचाही आनंद झालेला दिसत नव्हता.

"मुन्ना म्हणाला, जिन्यात लोक कपाटाची जागा ठरवत येतात. म्हणजे तोवर त्यांचं मन साफ असतं. रस्त्यात कुणी कान भरत नाही. पेमा सुटला, तो बोलेल ते फाटकाशी, जिना चढायच्या आधी. मुन्नाला बिघडवायचं असतं, तर त्यानं गिऱ्हाइकांना अकरा वेळा जिना चढवून आणलं नसतं. बिघडतं ते आत येऊन टेकल्यावर, खोल्या बघायच्या आधी. त्या वेळात आपल्याकडे काय होतं? पाहुण्याला पाणी देतात."

संतरामनं कपाळाला हात लावला.

"दुसरी गोष्ट. अकरा माणसांनी लाईट विचारली, कागद विचारले, पण पाणी कसं आहे ते एकानंही विचारलं नाही! आपल्याकडे लोक मुलगी देताना गावचं पाणी विचारतात, मग घर घेताना विचारणार नाहीत? विचारलं नाही, कारण उत्तर जिभेवर होतं. दिपकनं चहासुद्धा नाकारला. तोही त्याच पाण्याचा होणार, असं त्याला वाटलं. आणि पाणी प्यालेल्या घराला नाव ठेवायचं नाही, म्हणून सगळे गप्प. त्या रीतीनं सात महिने हे झाकून ठेवलं."

"पन आपली बोअर तर गोड हाय," मुन्ना म्हणाला.

"गोडच आहे. काल नळाचं प्यायलो मी, आणि या जगातलंही प्यायलो. आम्हाला गोड मिळालं, कारण पद्माबाईंनी आधी विचारून घेतलं होतं, घर बघायला आलेत का. तुझ्या तोंडात गुटखा, भिकाबाईंचे दात दुखरे. कळणार कुणाला?"

पद्माबाईंनी जग खाली ठेवला. नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

"एक चिमूट मीठ घालायचे," त्या म्हणाल्या. "चिमूटभरच. सहा वर्षं आम्ही दोघी एका ताटात जेवलो. ही मला न विचारता चालली. तांड्यावर राहायला! काय कमी होतं इथं? मी संध्याकाळी कुणाचं दार वाजवू?"

"राहायला नाही चालल्या त्या," संतरामच्या तोंडून निघून गेलं. "लेकीचं ऑपरेशन आहे. दिवाळीच्या आत झालं नाही तर पाय जातील पोरीचे."

पद्माबाई भिंतीला धरून खाली बसल्या. "संगिताचे? मला का नाही बोललीस?"

"तुला बोलले असते तर तू बांगड्या काढून दिल्या असत्या," भिकाबाई म्हणाल्या. "तुह्या म्हातारपनाचं तेवढंच हाय. ते मला घ्यायचं नव्हतं."

मुन्ना गॅलरीत जाऊन गुटखा थुंकून आला आणि त्यानं दिपकला फोन लावला. पाण्याचा खुलासा त्याला जमेल तसा केला. 'टाकीत काही तरी पडलं होतं' म्हणाला. खोटं बोलला, पण कुणी अडवलं नाही. दिपक उद्या बायकोला घेऊन येतो म्हणाला, आणि जमलं तर बयाणाही देऊन जातो म्हणाला.

भिकाबाईंनी हात जोडले. मग त्या पद्माबाईंकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर संतरामला बरं वाटलं असतं. तो नव्हता, त्यामुळे त्याला तिथं उभं राहवेना.

"तू थांब म्हनली असती ना पद्मा, तर थांबले नसते मी," भिकाबाई म्हणाल्या. "पन तुला संगं चल म्हनले असते. नागपूरला मला एकटीला भ्याव वाटून राहिलं."

पद्माबाईंनी वर बघितलं. "मग आता येऊ का?"

"आता दमले बाई मी," भिकाबाई म्हणाल्या, आणि भिंत धरत आतल्या खोलीत गेल्या.