अंगठ्याचा ताल

"आपण दिनानाथ हुपरीकर नाही," गल्ल्यावरच्या कंपवाचक यंत्राने तिसऱ्यांदा, अगदी अदबीने सांगितलं.

दिनानाथांनी आपल्या क्रेडिट कार्डाकडे पाहिलं, मग यंत्रावर टेकवलेल्या अंगठ्याकडे. कोल्हापुरातल्या या दुकानातून चित्रकलेचं सामान नेण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. सहा आठवड्यांपूर्वी मेंदूत बारीक तार बसवली आणि हाताची आठ वर्षांची थरथर थांबली. आता पुन्हा रेषा ओढायची म्हणून हौसेने निबं घ्यायला आले, तर हे भलतंच. घराचं दार आणि पेन्शनही अंगठ्याच्या याच ठशावर चालायचं. शस्त्रक्रियेपासून ते लेकीकडेच राहत होते; उद्या घरी परतल्यावर तिथेही असंच झालं तर आपण राहायचं कुठे आणि कोण म्हणून, हे त्यांना कळेना.

"सर, मी वळकतो की तुमास्नी," सातगोंडा मगदूम ओशाळून म्हणाला. दुकान त्याचंच. "पर ह्ये यंतर माझं ऐकत न्हाई."

कंपवाचक बनवणाऱ्या प्रयोगशाळेत दिनानाथांची मुलगी शलाका संशोधक होती. ती शेजारीच उभी होती, म्हणून त्यांनी सगळा राग तिच्यावर काढला.

"बाबा, चेहरे, आवाज, ओळखपत्रं, सगळ्यांच्या नकला व्हायला लागल्या, म्हणून हा कंपठसा आला," ती म्हणाली. "कुठलाच हात पूर्ण स्थिर नसतो. अंगठा डोळ्याला दिसणार नाही इतका हलतो, आणि प्रत्येकाचा ताल वेगळा. तुमचा ताल आजाराचा होता. तारेने तो मोडला."

"पण ठसा दिला दहा वर्षांपूर्वी. तेव्हा मी ठणठणीत होतो."

"नव्हतात. ताल आधी येतो. हात थरथरलेला दिसायला दोन वर्षं गेली. पुढे जोर वाढला, ताल तोच राहिला."

"म्हणजे बरा झालो म्हणून मी मी नाही?"

"नवा ठसा देऊ. आठवडाभराचं काम."

"आणि तोवर दुसराच कुणी मी म्हणून उभा राहिला तर?"

"शक्यच नाही. तुमच्या कार्डावर माझा अंगठा चालणार नाही, हे बघा." तिने आपला अंगठा टेकवला.

"स्वागत आहे, दिनानाथ हुपरीकर," कंपवाचक म्हणाला.

"झालं की काम," सातगोंडा हसला. "लेकीचा हात बापावर गेलाय."

दिनानाथही हसले. एवढी शिकलेली पोर आणि हिच्या यंत्राची ही तऱ्हा, असं म्हणून तिची थट्टा करणार होते. पण शलाका हसत नव्हती. तिने सातगोंडाला अंगठा ठेवायला लावला. कंपवाचकाने नकार दिला. तिने पुन्हा स्वतःचा ठेवला, आणि पुन्हा स्वागत झालं.

"दुरुस्त करून घे," दिनानाथ म्हणाले.

"यंत्र बरोबर आहे, बाबा." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "निरोगी माणसांचे ताल जुळत नाहीत. एकाच घरात चालत आलेला आजार असेल तरच जुळतात."

दिनानाथांना क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. त्यांनी शलाकाचा हात आपल्या हातात घेतला, उजेडाकडे धरला, बोट न् बोट निरखलं. हात अगदी स्थिर होता. दहा वर्षांपूर्वी त्यांचाही असाच होता.