घारगडचा कडेलोट

इतिहास साक्षी आहे की, घारगडाच्या कड्यावर अखेर सत्याचाच जय होत आला. ज्या पहाटेची ही हकीकत, त्या पहाटे मात्र धुके एवढे दाट होते की इतिहासाला स्वतःचे जोडे दिसत नव्हते.

कड्याच्या टोकाशी दोघे उभे होते. एक पहारेकरी लखमोजी कासले. दहा वर्षे सबनीस रामाजीपंतांच्या दारी पहारा केलेला, त्यांच्या घरचा दिवाळीचा फराळ खाल्लेला, आणि महिन्यापूर्वी पंत, त्यांची पत्नी व वृद्ध आई अशा तिघांना कापून काढलेला. दुसरा गोमा पाणक्या; त्याचा अपराध इतकाच की, सकाळी पाणी भरायला गेला आणि प्रेते उचलताना रक्ताने माखलेला सापडला.

खून करवले होते गडाचे हवालदार सुभानरावांनी, कारण गनिमाला लिहिलेले त्यांचे पत्र पंतांच्या हाती लागले होते. आता हुजुरातीला, म्हणजे राजदरबाराला, सूत्रधार हवा होता. हवालदारांनी लखमोजीला कोठडीत समजावले होते की, शेवटच्या जबानीत गोमाचे नाव घे. तुझ्या कमरेला अंगरख्याखालून दोर राहील, धुक्यात कोणाला दिसणार नाही, मंडळी पांगली की वर ओढून घेऊ. सूत्रधार म्हणून पाणक्या शोभत नाही, अशी शंका लखमोजीने काढली होती. हवालदारांनी ती नामंजूर केली.

हुजुरातीचे कारभारी त्र्यंबकपंत पुढे झाले. "लखमोजी, देवाला स्मरून बोल. हा तुला सामील होता?"

लखमोजीने गोमाकडे पाहिले. महिनाभर 'मी नाही, मी नाही' म्हणून गोमाचा घसा बसला होता.

"म्हातारीनं मला ओळखलं, पंत," लखमोजी म्हणाला. "हातात तलवार दिसत होती, तरी विचारलं, 'जेवलास का रे?' त्यानंतरही मला जगायचं होतं, याचंच नवल वाटतं. हा निर्दोष आहे. आणि ही बघा हवालदारसाहेबांची मेहेरबानी."

त्याने अंगरखा फाडून दोर उघडा केला. दुसरे टोक सुभानरावांच्या खाशा शिपायाच्या पायाशी, मेखेला बांधलेले निघाले. मग कमरेची गाठ सोडून, ढकलणाऱ्यांची वाट न पाहता, लखमोजी धुक्यात चालत गेला.

सुभानरावांच्या पायांत तिथेच बेड्या पडल्या. हा कट आहे, असे ते सांगत राहिले. ते खरेच होते.

त्र्यंबकपंतांनी गोमाला मोकळे करवले, त्याच्या खांद्यावर स्वतःची शाल घातली आणि सर्वांसमक्ष ते धीरगंभीर स्वरात म्हणाले, "गोमाजी, दौलतीकडून तुमच्यावर घोर अन्याय झाला. मागाल ते सरकार देईल. संकोच करू नका."

गोमाने एकवार कड्याकडे पाहिले, एकवार शालीकडे.

"सरकार," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जरा खाली बसू का?"