पलीकडे बदल झाला आहे

"काका, दिवा मालवा. पण गोष्ट खरी सांगा हं."

"खरीच. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्या."

मित्र कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेदहा. एका फोटो स्टुडिओत बसला होता. स्टुडिओवाले दादा पावसाळ्यात गेले, आता वहिनी सांभाळतात. दादा होते तेव्हा वहिनींचा टोमणा ठरलेला, "साऱ्या जगाचे फोटो काढलेत, माझा एक नाही. दिव्याखाली अंधार!" दादा म्हणायचे, "काढू गं, सवडीने."

लोकांची लग्नं, लेकरं, सगळी एका डिस्कवर. आणि ती डिस्क कटकटायला लागलेली. सकाळ बघेलसं लक्षण नव्हतं.

दुसरी प्रत घरी, दादांच्या खोलीतल्या मशीनवर. मशीन चालू, खोलीला कुलूप. पद्धत दादांचीच : रोज स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे त्या घडीला जसं आहे तसं गोठवायचं. मग कमांडला -i लावून कालच्या नि आजच्यातला फरक तेवढा घरी पाठवायचा. अट एकच. पलीकडे, म्हणजे घरच्या मशीनवर, कालचं कालच्यासारखंच हवं.

मित्राने आधी -n लावलं. त्याने काही जात नाही, नुसता अंदाज कळतो. थोडंसंच काम होतं. मग खरोखर पाठवलं.

स्क्रीनवर नकार. पलीकडे बदल झाला आहे.

पुन्हा पाठवलं. तेच.

घेणाऱ्या बाजूला -F लावलं, की तिकडचं नवं पुसून फरक उतरतो. त्याने ते टाइप केलं. एंटर तेवढं बाकी. बोट थांबलं. घरी वहिनींना फोन लावला.

"वहिनी, दादांच्या खोलीत कोणी गेलं होतं?"

"कोण जाणार? किल्ली माझ्याकडे. थांबा, बघते."

पावलं वाजली. मग...

"कुलूप आहे, भाऊजी."

"मग तिकडचं पुसतो. डिस्क चाललीय—"

"हळू... आत खुर्ची सरकली."



"भाऊजी... पुसू नका."

त्याने पलीकडचं नवं आधी वेगळं काढलं. एकच फाईल. मग -F. एंटर.

फरक पोचला... आणि डिस्क गप्प झाली. कायमची.

लोकांचे फोटो वाचले. सकाळी दोघांनी ती फाईल उघडली.

फोटो. वहिनींचा. फोन कानाला, एका हातात कुलूप धरलेलं. आतल्या खुर्चीवरून काढलेला.

मधलं दार... फोटोत नाही.

फाईलवरची वेळ, मित्राने फोन लावायच्या आधीची.

वहिनी कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पदराने स्क्रीन पुसली आणि म्हणाल्या,

"मिळाली म्हणायची सवड."