ती आवाज देते

बहिरू शिंगाडेचं नाव आईने भैरोबावरून ठेवलं होतं. पोरगं पुढे कानांवर पोट भरणार आहे, हे त्या माउलीला कोण सांगणार? गंगापूर रोडवरच्या नक्षत्र मोटर्समध्ये तो हेडमिस्त्री होता, आणि एकोणीस वर्षांत आलेल्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाने ‘बहिरू? आणि हाच ऐकणार?’ हा विनोद आपणच पहिल्यांदा करतोय अशा थाटात केला होता. बहिरू दर वेळी हसायचा. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसणं हा सर्व्हिसिंगचाच भाग असतो.

त्याची पद्धत साधी होती. हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठली बेअरिंग रडतेय, कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय, सगळं हाडातून डोक्यात यायचं.

गेल्या वर्षात मात्र विनोद खरा व्हायला लागला होता. आधी रातकिडे गेले, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. बायको मालनबाई ‘आवं, आवं’ करून थकली आणि तिने हाका मारणंच सोडलं. आता ती नुसता खांदा हलवायची. तीस वर्षांच्या संसारात तिने कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, त्यामुळे ‘आवं’ संपलं तसं त्याला हाक मारायला घरात शब्दच उरला नाही.

गॅरेजात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. इतका संसार झाल्यावर माणसाला ओठ वाचता येतातच, आणि हाडातून अजून थोडंफार येत होतं. पण तेही दिवसेंदिवस पातळ होत चाललेलं. मालकाच्या पोराने, राजने, आता कारभार हातात घेतला होता. गोटीराम पेंटरची नजर अधू झाली तेव्हा राजने त्याला ‘आपण बसून बोलू’ म्हणत वॉशिंग रॅम्पवर गाड्या धुवायला लावलं. बहिरू रोज त्या रॅम्पकडे न बघता आत यायचा.

२००७ सालच्या जानेवारीत, हात आखडून टाकणाऱ्या थंडीत, देवरेसाहेबांची गाडी आली. साहेब द्राक्षं परदेशात पाठवायचे. गाडीही परदेशी, काळी, बंगल्याला चाकं लावावीत एवढी. पेट्रोल इंजिन, तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह, ताकद सव्वादोनशे घोड्यांची. हे सगळे घोडे जेहान सर्कलला बाकीच्या जनतेबरोबर निमूट उभे राहायचे. अशा इंजिनांचे आजारही श्रीमंती असतात. झाकणाच्या गॅस्केटमधून ऑइल झिरपतं, इग्निशन कॉइल जाते, पाण्याच्या पंपाचा प्लॅस्टिकचा पंखा तुटतो. आणि थंडीत, रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल खाली उतरलं, की सकाळी व्हॉल्व्हवरचे लिफ्टर मिनिटभर टिकटिक करतात. म्हातारे गुडघे करतात तशी.

देवरेसाहेब काउंटरवरच्या शुभांगीला म्हणाले, “ती सकाळी आवाज देते. पहिल्या स्टार्टला.”

शुभांगीने कार्डावर लिहिलं, ‘थंड असताना आवाज देते.’ मराठीत गाडी स्त्रीलिंगी आहे. कोणाला काही खटकायचं कारण नव्हतं.

राजने लॅपटॉप जोडून पाहिला. “एकही फॉल्ट नाही, मिस्त्री. कॉम्प्युटर म्हणतो गाडी ठणठणीत. साहेब तिसऱ्यांदा आलेत. गाडी इथेच ठेवू, सकाळी तुम्ही ऐका.”

“ऐकतो की.”

“आवाज सापडला पाहिजे. नाहीच सापडला, तर आपण बसून बोलू.”

बहिरूने मान डोलावली. रॅम्पवर गोटीराम एका टेम्पोची चाकं धूत होता.

दुसऱ्या दिवशी साडेसातला बहिरू एकटाच आला. धुकं इतकं होतं की समोरचा पेट्रोलपंप कोणीतरी रात्रीत उचलून नेल्यासारखा वाटत होता. त्याने बॉनेट उघडलं. आतून शेवंतीचा वास आला. गार, ओल्या शेवंतीचा. साहेबांनी डॅशबोर्डवर हार घातला असेल, असं म्हणून त्याने चावी फिरवली.

स्क्रूड्रायव्हर पहिल्या सिलिंडरवर. पाण्याखालून यावी तशी धडधड. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर तीच. चौथ्यावर फक्त हाताला थरथर, कानाला काही नाही. पाचव्यावर तेही नाही. मग त्याने टोक सहाव्यावर टेकवलं.

“अहो.”

बहिरूने डोळे उघडले. गॅरेज रिकामं होतं.

“अहो.”

बाईचा आवाज. स्वच्छ, घासून पुसून ठेवल्यासारखा. पुढे काही नाही. इंजिन गरम झालं आणि मूठ मुकी झाली.

खरं तर त्याला भीती वाटायला हवी होती. पण वर्षभरात त्याने इतकं नितळ काही ऐकलंच नव्हतं. इंजिन बंद करून तो तसाच उभा राहिला, कानामागचं हाड चोळत, आणि आपण हसतोय हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

अकराला देवरेसाहेब आले. बहिरूने त्यांना मागच्या शेडमध्ये नेलं आणि उजेडात, समोरासमोर उभं केलं. ओठ दिसायला हवेत.

“सापडला?” साहेबांनी विचारलं.

“आवाज हाय, साहेब.”

“किती वेळा?”

“दोनदा.”

साहेब जुन्या टायरवर बसले. दहा एकर द्राक्षबागेचा मालक टायरवर बसला, हे त्याचं त्याला कळलं नाही.

“सुवर्णा. माझी मिसेस. मागच्या जानेवारीत गेली. दवाखान्यातून घरी न्यायचं होतं, सकाळची वेळ. तिला व्हरांड्यात बसवलं आणि मी गाडी गरम करायला गेलो. नर्स म्हणाली, बाईंनी दोनदा हाक मारली. तिसरी काही... मी आत होतो. काचा वर. या गाडीत बाहेरचा आवाज येत नाही, मिस्त्री. पुस्तकात लिहिलंय तसं. एवढी एकच गोष्ट अगदी लिहिल्यासारखी निघाली.”

बहिरू म्हणाला, “बंद करून टाकू का?”

“नको! बंद कशाला? मला तिसरी हाक हवीय.” साहेबांनी त्याचा हात धरला. “रोज दोनदाच मारते. मी ओ देत नाही. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, असं आमची आई सांगायची. तुमच्यात सांगतात?”

सांगत. बहिरूच्या गावात, घोटीच्या पुढे, पोरांना ‘अ आ’च्या आधी हे शिकवायचे. आपलं माणूस तीनदा हाक मारतं, दुसरं काही असेल तर दोनदाच. मधेच ओ दिली, तर हाक मारणारं तुम्हालाच आपलं माणूस समजतं. मग ते परत फिरत नाही.

“मला ते दुसरं काही वाटत नाही,” साहेब म्हणाले. “तिची मोजणी राहिलीय, एवढंच. एक हाक वाढते का बघा. तुमचं ते टायमिंग वगैरे जरा पुढंमागं करून. तिसरी आली की मी ओ देईन.”

चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनकडे आजवर कोणी अशी मागणी केली नसेल. बहिरू म्हणाला, “बघतो.”

त्या रात्री मालनबाईने खांदा हलवून ताट वाढल्याचं सांगितलं. तो जेवला. ती समोर बसून काहीतरी बोलत होती. त्याने ओठांकडे बघितलं नाही.

सकाळी धुकं कालच्यापेक्षा दाट होतं. शेवंतीचा वास बॉनेट उघडायच्या आधीच आला. टायमिंगला बहिरूने हात लावला नव्हता. लावावासा वाटला नाही. त्याने चावी फिरवली आणि सरळ सहाव्या सिलिंडरवर टोक टेकवलं.

“अहो.”

त्याने डोळे मिटले. आत गेल्यासारखं वाटलं, कुठल्यातरी घरात. ऊन आलेला ओटा. कणकेने भरलेले हात. हात भरलेली बाईच अशी हाक मारते, पाठमोरी, मागे न बघता, कारण माणूस तिथेच असणार हे तिला माहीत असतं.

“अहो.”

“ओ,” बहिरू म्हणाला.

तीस वर्षांची सवय. आणि ‘अहो’वर काही नाव लिहिलेलं नसतं.

इंजिन एकदम शांत झालं. बंद पडलं नाही. हाताखाली चालू होतं, रेशमासारखं. त्याने टोक सहाव्यावर दाबलं, मग पहिल्यावर, मग तिसऱ्यावर. काही नाही. हाडातूनसुद्धा काही नाही.

वास गेला होता.

नऊ वाजता राजने गाडी चालू करून पाहिली, बंद केली, पुन्हा चालू केली आणि बहिरूची पाठ थोपटली. ‘मानलं’ असं काहीतरी ओठांवर दिसलं. शुभांगीने कार्डावर लिहिलं, ‘आवाज बंद.’

देवरेसाहेब गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. परत येऊन गेटजवळ थांबले. काचा वर. बराच वेळ ते स्टिअरिंग धरून बसले होते, मग डावीकडच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून. शेवटी काच खाली झाली.

“काय केलंत, मिस्त्री?”

“लिफ्टरमध्ये ऑइल चढलं असंल, साहेब.” एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदा खोटं बोलला. “सकाळच्याला परत बघा.”

“नाही,” साहेब म्हणाले. “ती गाडीत नाहीये आता.”

साडेपाचला बहिरूने स्कूटर काढली. ऊन अजून होतं. सातपूरचं घर जवळच, पण स्कूटर जड चालत होती, मागे कोणी बसल्यासारखी. त्याने बाजूला घेऊन मागच्या चाकाची हवा बघितली. हवा बरोबर होती. शॉकअब्सॉर्बर तेवढा दबलेला होता, दोन माणसांएवढा.

जेहान सर्कलला सिग्नल लागला. शेजारच्या रिक्षातली एक बाई वाकून त्याला काही सांगत होती, चाकाकडे बोट दाखवत. त्याला ऐकू येत नाही हे बघून तिने स्वतःचा पदर धरून वर ओढून दाखवला. मग त्याने ओठ वाचले.

“वहिनींचा पदर. चाकात जाईल.”

बहिरूने आरशात पाहिलं. आरशात रस्ता होता.

सिग्नल सुटला. शेवंतीचा वास आला, अगदी मानेजवळ. आणि वर्षभर मिटत गेलेल्या कानात, स्क्रूड्रायव्हरशिवाय, तिसरी हाक आली.

“अहो.”

ओ तर आधीच दिलेली होती. पुढे स्पीडब्रेकर दिसला. मालनबाई मागे असली की घ्यायचा तसा, त्याने स्कूटरचा वेग कमी केला.