वापरात आहे

'पेनड्राइव्ह सांगून काढा' असं मी दुकानात मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय. कोणी वाचत नाही. बोईसरच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटली की माणसं येतात, फोटो भरतात आणि दात उपटावा तसा पेनड्राइव्ह उपटतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शैलेशभाऊ, फोटो दिसत नाहीत. आता सांगायचासुद्धा कंटाळा आलाय.

खरं तर भानगड साधी आहे. संगणक 'झालं' म्हणतो तेव्हा सगळं झालेलं असतंच असं नाही. थोडं काम तो स्वतःजवळ ठेवतो आणि सवडीने उरकतो. म्हणून आधी त्याला विचारायचं, काढू का? तो हो म्हणाला की मगच काढायचं.

त्या दुपारी एडवणहून रखमाकाकू आल्या. पेनड्राइव्ह रुमालात बांधलेला. पालघरच्या दोन दुकानांनी हात टेकले होते. त्यांचे यजमान, बळवंतकाका, दोन महिन्यांपूर्वी पानवेलीच्या वाडीत काम करता करता पाणी प्यायला बसले, ते उठलेच नाहीत. त्याच सकाळी मुलीने, भाविकाने, मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला होता. पुढे तो मोबाइलमधून या पेनड्राइव्हमध्ये हलवताना काकूंनीच मध्ये ओढला. मोबाइलमधून गेला तो गेलाच.

"झालं म्हणून आलेलं वर. मी ओढला," काकू म्हणाल्या. "हाय तेवढा तरी द्या भाऊ. त्यांचं दुसरं कायच नाय माझ्याकडं."

एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्यांच्याकडे बघून धीर झाला नाही.

बराच वेळ खटपट केल्यावर अर्धामुर्धा व्हिडिओ हाती लागला. बळवंतकाका पाठमोरे, वेल बांधतायत. भाविकाचा आवाज येतो, "बाबा, इकडे बघा ना." खांदा जरासा हलतो आणि चित्र थांबतं. काकूंनी तो पुन्हा पुन्हा बघितला. मी सगळं बंद केलं आणि पेनड्राइव्ह काढायला विचारलं.

'हे उपकरण वापरात आहे.'

असं होतं कधीकधी. मागे एखादा प्रोग्रॅम फाइल धरून बसलेला असतो. मी एकेक तपासला. कोणीच धरलेली नव्हती. संगणकच बंद करायला गेलो, तर तो बंद होता होता अडकला आणि तेच वाक्य दाखवत राहिला. शेवटी बंद करणं रद्द केलं. वीज तोडणं म्हणजे पुन्हा उपटणंच, आणि उरलेला तुकडाही गेला असता.

"ओढू नका," काकू म्हणाल्या. मग हळूच, "दहाव्यालापण असंच झालेलं. कावळा शिवला नाय. ऊन डोक्यावर आलं, भटजींना पुढं जायचं होतं. दर्भाचा कावळा करून शिवला नि उठलो आमी. तवाच घाई झाली."

माझा या गोष्टींवर विश्वास नाही, आणि विरोध करण्याइतकं त्राणही नव्हतं.

काकू पडद्यासमोर वाकल्या. "अहो, वाडी विकणार नाय. आपला धीरज बघील सगळी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा काढायचं बटण दाबलं. का दाबलं, सांगता येत नाही.

'हे उपकरण वापरात आहे.'

फाइलीच्या छोट्या चित्रात मघाशी पाठ होती. आता एक कान आणि गाल दिसत होता. संगणक चित्र बदलतो कधीकधी, मी स्वतःला समजावलं.

"भाविकाचं लग्न ठरल्या घरीच करीन. तुमी दिलेला शब्द मोडणार नाय."

बटण दाबलं. वापरात आहे.

चित्रात आता नाक होतं, चष्म्याची एक काच होती. व्हिडिओत चेहरा कुठेच नव्हता. मला भीती वाटली.

"काकू, राहू द्या. उद्या बघू."

त्यांनी ऐकलं नाही. स्टूल पुढे ओढलं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत सांगावं, इतक्या साध्या आवाजात त्या बोलल्या.

"बरं. एकटं नाय ठेवत तुमाला. मी येते तुमच्याकडं. याच आठवड्यात."

मी माउसवरचा हात काढून घेतला.

तरी आवाज झाला. रोज ऐकतो तोच, बारीक.

'आता उपकरण सुरक्षितपणे काढता येईल.'

फाइल पडद्यावरून जायच्या आधी तिचं चित्र दिसलं. बळवंतकाका पूर्ण वळले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. स्टुलाकडे बघत होते.

मी पेनड्राइव्ह काढून रुमालात बांधला, पुढे केला. काकूंचा चेहरा हलका झाला होता. आल्यापासून पहिल्यांदाच.

"राहू दे हो भाऊ," त्या म्हणाल्या. "आता मला काय करायचाय तो."

त्या पायऱ्या उतरल्या. काकूंनी पावतीसाठी दिलेला भाविकाचा नंबर मी लावला. घंटा वाजत राहिली. फोन कानाला धरून मी दाराशी धावलो.

रिक्षा वळत होती. मागच्या सीटवर काकूंशिवाय कोणी नव्हतं. तरी त्या अगदी कडेला सरकून बसल्या होत्या.