पंख्यात अडकलेला दोर

आमच्या गस्ती बोटीवर दोर टाकायचं काम माझं. संशयित बोट थांबत नसेल, तर तिच्या वाटेत तरंगता दोर सोडायचा. तो बोटीखालच्या पंख्यात गुंततो आणि इंजिन बंद पडतं. माणसाला ओरखडाही येत नाही, असं मी नव्या लोकांना ऐटीत सांगायचो.

एका दुपारी एक लहान बोट बंदी असलेल्या पट्ट्यातून सरळ किनाऱ्याकडे निघाली होती. रेडिओला उत्तर नाही. मोठ्या कर्ण्यावरून आम्ही घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारल्या. शेवटी कप्तानांनी मान डोलावली आणि मी दोर टाकला. बोट थांबली. आम्ही पोचायच्या आत एक म्हातारा पंखा मोकळा करायला सुरी घेऊन पाण्यात उतरला. तो वर आलाच नाही. दोन दिवस शोधलं, पण सापडला नाही.

बोटीत त्याची बायको तापाने फणफणत पडली होती. तिला तो दवाखान्यात नेत होता. मला बघून ती एवढंच म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही हो."

चौकशीत आमची चूक निघाली नाही. बाई बऱ्या झाल्या. नव्या लोकांना ते ओरखड्याचं सांगणं मात्र मी बंद केलं.

दोन महिन्यांनी आम्ही आणखी एक बोट अडवली. दोर कापायला उतरलेला आमचा पाणबुड्या लगेच वर आला. दोर आधीच सुटला होता, नीट वेटोळं करून ठेवल्यासारखा. कप्तान म्हणाले, लाटांनी सुटला असेल. पुढच्या खेपेलाही तेच झालं.

तिसऱ्या खेपेला मी स्वतः उतरलो.

पाणी स्वच्छ होतं, ऊन खालपर्यंत पोचलं होतं. पंख्यावरचा दोर एकेक वेढा सुटत होता, सावकाश, सरावाच्या हाताने सोडवावा तसा. जवळ कुणीच नव्हतं.

मी हात पुढे केला.

दोराचं टोक माझ्या तळव्यावर आलं. मग कुणीतरी माझी बोटं त्यावर एकेक करून मिटवली.

त्या रविवारी मी बाईंकडे गेलो. माफी मागितली. दोर आपोआप सुटतो, एवढं सांगितलं. बोटांचं सांगायचा धीर झाला नाही.

मग स्वतःचा तळवा चोळत त्यांनी हळूच विचारलं,

"हात फार गार असतात ना त्यांचे?"