तीनशे अठ्ठावन्न अंदाज

हे टाइप करायचंच नाही, असं अनुज वाकोडेने जवळपास नक्की केलं होतं. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. ‘मी’ लिहिलं की बोट अडायचं. मग तिसऱ्यांदा त्याने स्वतःला सरळ ‘अनुज’ करून टाकलं, आणि जमलं. कारण या गोष्टीत चुकीचं वागलेला एक माणूस आहे, आणि त्याच्याबद्दल थोडं लांबूनच बोललेलं बरं.

वळसा म्हणजे काय, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरी सांगतो. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलं की वेळ आकसते. धावणाऱ्याची आकसते, घरी बसलेल्याची नाही. यानात बसायचं, सूर्यमालेबाहेर लांब जायचं, मोठा वळसा घेऊन परत यायचं. यानातल्या माणसाचे आठ महिने होतात. तेवढ्यात पृथ्वीवर एकतीस वर्षं सरतात. यान प्रत्येक कणाला सारखंच ढकलतं, म्हणून त्या वेगाचा अंगाला साधा हिसकाही बसत नाही.

लोक वळसा का मारतात? ज्याच्या आजारावर औषध नाही, तो औषध निघेल त्या काळात जाऊन उतरतो. एकाने चंदनाची रोपं लावली आणि दुसऱ्या दिवशी यानात बसला. जमिनीची केस कोर्टात टाकून वळशाला गेलेलं एक अख्खं कुटुंब अनुजच्या ओळखीचं आहे. परत आले तेव्हा पुढची तारीख पडली होती.

आणि अनुज गेला तो पुस्तकासाठी.

‘तळसागर’. नऊ खंडांची मालिका. एक समुद्र आटतो, त्याच्या तळाशी शहर वसतं. शहराभोवती हजार वर्षं जुनी भिंत, भिंतीपलीकडे उरलेलं सगळं पाणी. भिंतीत एकच दार, कधीच न उघडलेलं, आणि त्याची राखण करणारी रुजा. अनुजने सातवीत शाळा सोडली. सोलर पॅनलची दुरुस्ती तो हाताने शिकला आणि बाकी जे काही शिकला ते या मालिकेतून. भरती-ओहोटी का होते हे त्याला पहिल्या खंडाने सांगितलं. माणूस मेल्यावर रडायचं कसं, हे तिसऱ्याने.

पाचव्या खंडाचं शेवटचं वाक्य असं होतं: ‘आणि पाण्याच्या बाजूने दार वाजलं.’

पाण्याच्या बाजूने! हजार वर्षं तिथे माणूस नाही, बेट नाही, काही नाही.

मेहकरच्या वाचनालयामागे एक सिमेंटचा बाक आहे. त्यावर बसून अनुज आणि त्याचा मित्र सुगत डोंगरदिवे यांनी ते वाक्य एकमेकांना पाच वेळा वाचून दाखवलं. दोघे सत्तावीस वर्षांचे. त्यांचा एक नियम होता. नवा खंड उघडायच्या आधी दोघांनी आपापला अंदाज अंदाजवहीत लिहायचा. अंदाज नाही तर खंड नाही. ज्याचा जास्त चुकेल त्याने कचोरी खिलवायची. दोघेही कायम चुकायचे, त्यामुळे कचोरी कायम व्हायची.

“सहा वर्षांनी एक खंड,” अनुज म्हणाला. “अजून चार. म्हातारे होऊन जाऊ बे.”

“होऊ ना मग.”

“वळशाला जाऊ. यानावरही पॅनल असतात, समोरून येणारा प्रकाश धरणारे. दुरुस्तीवाले हवेतच त्यांना. मी विचारून आलो. आठ महिन्यांत चारही खंड हातात!”

सुगत बराच वेळ अंदाजवहीच्या कोपऱ्याशी खेळत बसला. “आणि अंदाज कधी लावायचे? चार खंड एकदम आल्यावर तू अंदाज लावशील का गिळशील?”

“गिळीन,” अनुज खरं बोलला.

“मग जा तू. मी इथंच चुकतो.”

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं अनुजला पुढे वाटलं.

यानावर गेल्यावर कळलं की हे डोकं त्याने एकट्याने लढवलेलं नव्हतं. तळसागरच्या वाचकांनी दोन अख्खे मजले भरले होते. त्या एका वर्षात सुटलेले सगळे वळसे धरले तर अकरा हजार वाचक निघाले होते. जेवणाच्या रांगेत ज्याच्या-त्याच्या काखेत पाचवा खंड. दाराबद्दल वाद, रुजावरून मारामाऱ्या, एका जोडप्याचं तर तिथेच जमलं. अनुजला वाटलं, आपण आपल्या माणसांत आलो.

आणि ते आकाश! वेग वाढत गेला तसे तारे जागेवरून सरकायला लागले. बाजूचे पुढे आले, मागचेही वळून पुढे आले, आणि सगळं आकाश नाकासमोरच्या एका निळसर ताटलीत गोळा झालं. मागे नुसता काळोख. अनुज पॅनलचा पाना हातात धरून काचेपाशी उभाच राहिला. जेवायची वेळ टळून गेली तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

“सगळे पहिल्यांदा असेच थिजतात,” मागून आवाज आला. यानाच्या घड्याळांची जबाबदारी असलेल्या डॉ. झरीना परकार. मूळच्या खेडच्या, हा त्यांचा चौथा वळसा.

“मॅडम, हे तारे खरंच हलले?”

“तारे कुठले हलतात! तुम्ही धावताय. पावसात मोटरसायकल पळवली की सरळ पडणारा पाऊसही समोरून तोंडावर येतो ना? तसा प्रकाश येतोय.”

“आणि घरी आत्ता काय चाललं असेल?”

“‘आत्ता’ हा शब्द इथे चालत नाही हो, वाकोडे. जाताना पृथ्वीची बातमी आपला पाठलाग करते आणि गाठता गाठता दमते. या चार महिन्यांत तुम्हाला तिकडच्या जेमतेम दीड दिवसाच्या बातम्या मिळतील. परतताना उलटं. आपणच बातम्यांच्या अंगावर धावून जातो. दिवसाला तीन महिने.” मग त्यांनी त्याच्या काखेकडे पाहिलं आणि हसल्या. “तुमच्याकडेही तेच पुस्तक? अहो, सगळे वाचक इथे, मग तिकडे वाचतंय कोण?”

अनुजही हसला. चांगला जोक होता.

परतीच्या प्रवासात रोज सकाळी नव्या पुस्तकांची यादी यायची. दिवसाला तीन महिन्यांची पुस्तकं. दोन्ही मजले पडद्यासमोर जमायचे. सोळाव्या दिवशी ओळ झळकली: तळसागर, खंड सहावा. काय आरडाओरडा! अनोळखी माणसांनी एकमेकांना उचललं. लेखिकाबाई वेग धरतायत, चारच वर्षांत आणला, असं सगळे बोलायला लागले.

मग चाळिसावा दिवस गेला. साठावा गेला. पडद्यासमोर गर्दी तेवढीच, पण आवाज नाही. शंभराव्या दिवशी एक बाई हळूच म्हणाल्या, “यादी तपासा ना कुणीतरी, सुटलं असेल नाव.” तपासली. सुटलं नव्हतं.

एकतीस वर्षं. एक खंड.

मेहकरात बाक होता. वाचनालयाच्या जागी काहीतरी दुसरंच उभं होतं, पण बाक होता. त्यावर एक अठ्ठावन्न वर्षांचा माणूस बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. शेजारी पत्र्याची पेटी.

“अबे, तू तर तसाच आहेस,” सुगत म्हणाला. जीभ जरा जड, पण डोळे तेच. “लाज नाही वाटत?”

अनुज त्याच्या पायाशी खालीच बसला. आठ महिन्यांपूर्वी याच माणसाने त्याच्या हातातली अर्धी कचोरी हिसकावून खाल्ली होती.

“हात?”

“झटका आला. चौदा महिने झाले. ते राहू दे. सहावा वाचलास?”

“उतरल्या-उतरल्या. लेका, त्यात रुजा दाराकडे बघतसुद्धा नाही! पावणेचारशे पानं नुसती भिंतीची डागडुजी!”

“तेच!” सुगतने डावा हात बाकावर आपटला. “तेच मी बाईंना लिहिलं.”

मग त्याने सांगितलं. सहावा खंड निघाला तेव्हा घेणारं कुणी उरलंच नव्हतं. जे वेडे होते ते सगळे आकाशात. जे राहिले त्यांना मालिका ठाऊक होती, पण पुढचा खंड कधी म्हणून दार ठोठावणारे ते नव्हते. गठ्ठे पडून राहिले. प्रकाशकाने हात झटकले. आणि गुहागरला राहणाऱ्या लेखिका प्रमिला आवळसकर, ज्या फोन वापरत नव्हत्या आणि फक्त पोस्टकार्ड घ्यायच्या, त्यांच्याकडे वळसे सुटल्यापासून महिन्याला एकच कार्ड येत होतं. मेहकरहून.

“तू काय लिहायचास?”

“काय लिहिणार! अंदाज. दार कुणी वाजवलं.”

त्याने पेटी उघडायला सांगितली. वर अंदाजवह्या. एक नाही, नऊ. पाठवलेल्या प्रत्येक अंदाजाची नक्कल. अनुजने मधलंच पान उघडलं. ‘दार वाजवणारी रुजाच आहे, म्हातारी झालेली, पाण्यातून वेळ उलटी वाहते.’ दुसरं पान. ‘कुणी नाही, मासा अडकलाय, आणि त्या माशासाठी दार उघडायचं का हाच खरा प्रश्न.’ ‘पलीकडेही शहर आहे आणि त्यांना वाटतं पाणी आपल्याकडे आहे.’ तो पानं उलटत राहिला. दुसरी-तिसरीपासून ओळखीच्या अक्षराचा मित्र हळूहळू मोठा होताना, लग्न करताना, बाप गमावताना त्याला दिसत होता, आणि दर महिन्याला तेच दार. तीनशे अठ्ठावन्न. प्रत्येकामागे वेगळंच कुणीतरी उभं. यानाच्या काचेतून आख्खं आकाश एका ताटलीत गोळा झालेलं त्याने पाहिलं होतं. पण आत्ता त्याला जे झालं ते तिथे झालं नव्हतं.

“एकतरी बरोबर आला?”

“एकही नाही. बाई दरवेळी लिहायच्या, चुकलात. आणि चिडून पुढचं प्रकरण लिहायच्या.”

वह्यांखाली दोन जाड बाडं होती. बाईंनी पाठवलेलं, निळ्या शाईतलं हाताचं लिखाण. खंड सातवा. खंड आठवा. जगात कुणी छापले नव्हते. जगात एकानेच वाचले होते.

अनुजने हात पुढे केला. सुगतने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. “आधी अंदाज.”

“आणि नववा?”

सुगतने शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढलं. अक्षर थरथरतं, एकोणऐंशी वर्षांच्या बाईचं. अनुजने वाचलं.

‘चि. सुगत, तुमचं कार्ड वर्षभर नाही. दार कोणी वाजवलं ते मला आता कळल्यासारखं वाटतं, पण खात्री नाही. अकरा हजार लोकांनी माझ्याकडे शेवट मागितला आणि निघून गेले. तुम्ही एकटे चुकत राहिलात. तुमची चूक समोर असली की मला रस्ता दिसतो. नववा सुरू करून थांबले आहे. अंदाज पाठवा.’

“मग पाठव ना! मी लिहून देतो, तू सांग.”

“हाताचं काय, पोरीकडून लिहून घेतलं असतं.” सुगत समोर बघत राहिला. “झटक्यानंतर दाराकडे बघतो तर नुसतं दार दिसतं. मागे कुणी येत नाही. संपले बे.”

मग सुगतने विचारलं, “बाकीचे काय करतायत? तुझे यानवाले?”

हेच अनुजला सांगायचं नव्हतं. परतलेल्यांना दुसरा वळसा लगेच मिळत होता. पुढचं यान अकरा दिवसांनी. सगळ्यांनी नावं दिली होती. अजून एकतीस वर्षांनी नववा आलेला असणारच, असं सगळ्यांचं म्हणणं. कुणीच असं म्हणालं नव्हतं की तो कुणामुळे येणार. हे उतरतील, यादी बघतील, पुन्हा बसतील. आठ-आठ महिन्यांच्या उड्या मारत ते जगाच्या शेवटापर्यंत जातील, आणि पडद्यावर ती ओळ कधी येणार नाही, कारण ती यावी म्हणून थांबलेलं मागे कुणी नसेल.

“माझंही नाव आहे यादीत,” अनुज म्हणाला.

“माहीत आहे. तू गिळणारा.” सुगत हसला, अर्ध्या तोंडाने. “जा. तुझं वय आहे. बाईंचं काय सांगावं, माझं काय सांगावं. थांबलास आणि नववा आलाच नाही, तर?”

अनुजने वही मांडीवर घेतली, पेटीत पडलेलं कोरं पोस्टकार्ड काढलं आणि पहिल्यांदाच त्या दाराकडे घाई न करता पाहिलं. हजार वर्षांची भिंत. पाणी. टकटक. बराच वेळ काही दिसलं नाही. मग दारामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

त्याने चार ओळी लिहिल्या आणि कार्ड सुगतसमोर धरलं. सुगतने वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे बारीक केले.

“साफ चूक.”

“तुला काय माहीत?”

“सातवा वाचलाय मी, लेका. त्यात हे निम्मं खोडलंय बाईंनी.” पण त्याचा डावा हात खिशात पेन शोधायला लागला होता. “एक मिनिट. निम्मंच खोडलंय. उरलेल्या निम्म्यात... थांब, थांब जरा.”

“थांबतो,” अनुज म्हणाला. “ऐक. यादीतून नाव काढतो उद्या. दर एक तारखेला कार्ड जाईल, तू सांगितलंस तर तुझं, नाही तर माझं. आणि नववा ज्या दिवशी येईल त्या दिवशी या बाकावर आधी तुझे तीनशे अठ्ठावन्न मोठ्याने वाचीन, पहिल्यापासून, एकही न गाळता. मगच पहिलं पान उलटीन. वचन.”